सर क्रीक वाटाघाटी वर्कशॉप (दोन दिवस): पैसे वसूल, पण रविवारची दुपार वाया

रेटिंग आधी सांगतो, पाचपैकी साडेतीन. एक मार्क रविवार दुपारसाठी कापला, उरलेला अर्धा एसीसाठी, तीस माणसं आणि एक खोकणारा एसी.

झालं असं की पुतणीने लिंक पाठवली, "काका, तुमच्या लाईनचं दिसतंय," उघडून बघतो तर शनिवार-रविवारचं वर्कशॉप, भारत-पाकिस्तान सर क्रीकचा वाद, दोन टीम पाडणार, खरे जुने कागद देणार, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत तोडगा काढून सही करायची. फी २२०० रुपये, चहा-जेवण धरून. मी खाजगी सर्व्हेअर आहे, वीस वर्षं टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) खांद्यावर टाकून लोकांचे बांध मोजतोय, त्यामुळे हद्दीचं भांडण म्हटलं की मला राहवत नाही, भरले पैसे. आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली कुरकुर पण आहे आणि माणसं मनाने चांगली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सर क्रीक म्हणजे कच्छ आणि सिंध यांच्या मधली ९६ किलोमीटरची खाडी. खाडी म्हणजे आपल्याकडच्यासारखी नारळाच्या झाडांची नाही, नुसता चिखल, भरती आली की पाणी आणि ओहोटीला परत चिखल, वस्ती शून्य. भांडण सुरू झालं १९०८ मध्ये, आणि कशावरून, तर सरपणावरून! कच्छचे राव आणि सिंधवाले यांच्यात लाकडं कोणी तोडायची यावरून वाजलं. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता, म्हणून निवाडा मुंबई सरकारने केला, १९१४ चा ठराव. म्हणजे या सगळ्या त्रांगड्याचं मूळ मुंबईतल्या सरकारी कागदात आहे, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं.

आता वर्कशॉपचा सगळ्यात भारी भाग, कागद. प्रत्येकाला एक फाईल दिली होती, त्यात त्या ठरावाची झेरॉक्स, सोबतचा बी-४४ नकाशा, ट्रेसिंग पेपर, दोऱ्याचं रीळ (ते कशाला ते पुढे). मला टाकलं पाकिस्तानच्या टीममध्ये. "काका, तुम्ही पलीकडे," म्हणून सगळी पोरं हसली, आणि खरं सांगतो पहिला अर्धा तास माझ्या तोंडून "आमची बाजू" हे शब्द निघत नव्हते. मग ठराव वाचायला घेतला आणि गप्पच झालो. परिच्छेद ९ आणि नकाशावरची हिरवी रेघ बघितली तर हद्द खाडीच्या पूर्व काठाने जाते, म्हणजे अख्खी खाडी सिंधची. आणि लगेच पुढचा परिच्छेद १० म्हणतो की खाडी आपली वाट बदलत असते म्हणून हद्द जहाजं जातात त्या प्रवाहाच्या मध्यावर धरावी, म्हणजे अर्धी-अर्धी. एकाच ठरावात, एकाखाली एक!

माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. टिपण (जुन्या मोजणीचा कागद) एक सांगतं, नकाशा दुसरंच, आणि दोन्ही भाऊ आपापल्या सोयीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोजणीला हजर. आमच्या टीमने हिरवी रेघ धरली. समोरच्या टीमकडे १९२५ चा बी-७४ नकाशा होता ज्यात हद्द खाडीच्या मधून काढली आहे, त्या काळात हद्दीचे खांबही रोवले गेले होते, आणि वर त्यांचं म्हणणं की हिरवी रेघ ही नुसती दाखवण्यापुरती आहे, तिची जाडी-जागा धरून कोणी हद्द कायम करत नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, बरोबर बोलतायत, पण तोंडाने भांडत राहिलो. आमचं उत्तर ठरलेलं होतं, मध्यप्रवाहाचा नियम जहाजं चालतात अशा पाण्याला लागतो, ही खाडी कुठे तशी आहे? त्यावर समोरून एक बारीकशी मुलगी शांतपणे म्हणाली, "भरतीला चालते की." विषय संपला. हे दोन्ही मुद्दे खऱ्या वाटाघाटीतही असेच मांडले गेलेत म्हणे, आम्ही काही नवीन शोधलं नाही.

दोरा कशाला ते सांगतो. मेंटर बाईंनी टेबलावर किनाऱ्याचा मोठा नकाशा पसरला, खाडीच्या तोंडाशी टाचणी टोचली आणि तिथून समुद्रात दोरा ताणला. मग टाचणी काढून पलीकडच्या काठाला टोचली आणि परत दोरा. तोंडाशी बोटभर फरक, आत समुद्रात गेल्यावर दोन दोऱ्यांच्या मधे अख्खा तळहात मावत होता. २०० सागरी मैलांपर्यंतचा आर्थिक हक्क, मासळी, तळाशी तेल-वायू असलाच तर तो, सगळं त्या तळहातात. चिखलासाठी दोन देश इतकी वर्षं का भांडतात हे मला त्या दोऱ्याने जेवढं कळलं तेवढं पेपर वाचून कधी कळलं नव्हतं. नुसत्या या वीस मिनिटांसाठी मी पूर्ण मार्क देईन.

मग तोडगे. सरळ मधून वाटणी हा पहिला, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही, भारताला चालतो पाकिस्तानला नाही. दुसरा मला नवीन होता: खाडी राहू दे बाजूला, आधी समुद्रातली हद्द आखून घ्या, बाहेरून आत या आणि वादाच्या जागेपाशी थांबा. भारताने हे खरोखर सुचवलं होतं, पाकिस्तानचं म्हणणं आधी जमिनीवरचा शेवटचा बिंदू ठरवा मग समुद्राचं बोला. मला हा तोडगा एकदम पटला, कारण आम्हीही वादाचा बांध असला की आधी चारही बाजूंच्या बिनवादाच्या खुणा पक्क्या करतो, मग उरतं ते किती थोडं आहे ते दोघांना दिसतं आणि आवाज जरा खाली येतो. पण मी पाकिस्तानच्या टीममध्ये, बोलायची सोय नाही!

तिसरा, त्रयस्थाकडे द्या. इथे सगळ्यात जास्त खडाजंगी झाली आणि व्हायलाच हवी होती, कारण हा प्रयोग शेजारीच होऊन गेलाय. १९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या, ३० जूनला ब्रिटनच्या मध्यस्थीने करार, आणि प्रकरण तीन जणांच्या लवादाकडे. अध्यक्ष स्वीडनचे न्यायाधीश लागरग्रेन, भारताने नेमलेले युगोस्लाव्हियाचे, पाकिस्तानने नेमलेले इराणचे. १९ फेब्रुवारी १९६८ ला निकाल, पाकिस्तानने मागितलेल्या सुमारे ३५०० चौरस मैलांपैकी ३५० च्या आसपास त्यांना, बाकी भारताला. म्हणजे दहातले नऊ आपल्याला मिळाले, तरी आपल्याकडे केवढा गदारोळ, जनसंघाने कच्छमध्ये सत्याग्रह केला, वाजपेयी स्वतः उतरले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६९ मध्ये कोर्टाने सांगितलं की ही हद्द ठरवण्याची बाब आहे, जमीन देऊन टाकण्याची नाही, घटनादुरुस्ती लागत नाही. निकाल पाळला गेला. पण त्या निवाड्यात सर क्रीक नव्हती! ती तेव्हा वादाबाहेर धरली गेली आणि बरोबर तीच आज घशात अडकलीये. त्यानंतर तिसऱ्याला मधे घ्यायचं नाही, १९७२ च्या सिमला करारानुसार आपसातच बघायचं, ही भारताची भूमिका.

यावर आमच्या टीममधल्या एका पोराने पत्ता टाकला की बांगलादेशच्या बाबतीत मग कसं चाललं? तिथे बंगालच्या उपसागराचा वाद लवादाकडे गेला, जुलै २०१४ मध्ये वादातल्या साधारण २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला गेले आणि भारताने तो निकाल मुकाट्याने मान्य केला. समोरची टीम दोन मिनिटं गप्प. मग उत्तर आलं की ढाक्याशी आपले संबंध कसे होते आणि इस्लामाबादशी कसे आहेत ते बघा, कागद तोच असला तरी शेजारी तोच नसतो. मान्य आहे.

चौथा तोडगा सामायिक मासेमारी पट्टा, वाद तसाच ठेवून दोघांनी नियम करून मासे धरायचे. पोरांना हा सगळ्यात आवडला. रविवारी एक वाजता आमची सही झालेली होती: मध्यप्रवाह, तोंडापाशी सामायिक पट्टा, समुद्रातली हद्द बाहेरून आत. टाळ्या, फोटो, पुरी-भाजी.

आणि इथेच गाडी घसरली. वेळापत्रकात जेवणानंतर दीड तासाचं सत्र होतं, "करार घरी समजावून सांगा", एक जण विरोधी पक्ष, एक टीव्ही अँकर, एक निवृत्त जनरल वगैरे. शनिवारी सकाळी ओळखीचे खेळ खेळण्यात सव्वा तास घातला होता (मला टेनिसबॉल झेलत माझ्या आवडत्या प्राण्याचं नाव सांगावं लागलं, वय वर्षं ४९), त्याची भरपाई इथून कापली, मिळाली पंचवीस मिनिटं. अहो, खरं भांडण तर इथे आहे! २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून खाडीची मोजणी केली, एकत्र, यंत्रं घेऊन, नकाशे एकमेकांना दिले. माझ्या धंद्यात संयुक्त मोजणी झाली की निम्मं काम फत्ते. इथे पुढे काही नाही. जून २०१२ मध्ये दिल्लीत बोलणी झाली, तिथेच गाडं थांबलं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दसऱ्याला भुजमध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह सांगतात की कराचीचा एक रस्ता खाडीतून जातो. म्हणजे मोजमाप अडलेलंच नाहीये, अडलंय ते "मी एवढं सोडलं" हे आपल्या माणसांसमोर उभं राहून कोण म्हणणार इथे, आणि त्यालाच पंचवीस मिनिटं. आमच्याकडे पण हेच, मोजणीच्या खुणा दोघांना मान्य असतात, पण पंचनाम्यावर पहिली सही करायला कोणी पेन उचलत नाही, कारण मागे भावकी उभी असते.

दुसरी कुरकुर, भूमिका वाटायच्या कार्डांत मच्छीमाराचं कार्डच नव्हतं. नौदल होतं, तेल कंपनी होती, पर्यावरणवाले पण होते, तांडेल (बोटीचा म्होरक्या) नाही. आमच्यात डहाणूकडचा एक मुलगा होता, दोन दिवस फारसा बोलला नाही, जेवताना सांगत होता की त्यांच्याकडची बरीच माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, ओखा-पोरबंदरहून निघतात, किनाऱ्याजवळ मासळी उरली नाही म्हणून लांब जायचं, रात्री जाळं टाकलेलं असताना बोट कुठे वाहून गेली ते कळत नाही, पाण्यावर काय पट्टा आखलेला असतो का. पकडलं की कराचीचा तुरुंग. त्यांचे मच्छीमार आपल्याकडे तसेच. दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही सरकारं कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, २००८ च्या करारानुसार, पाकिस्तानने दिलेल्या यादीत तर मच्छीमारच मच्छीमार. माणूस कधीतरी सुटतो, बोट बहुतेक वेळा तिकडेच राहते. "बोट गेली म्हणजे शेठचं कर्ज राहिलं," तो म्हणाला आणि ताटातली पुरी मोडत बसला. आमच्या झकास करारात पकडलेल्या बोटीचं काय, याची एक ओळ नव्हती. मी मेंटर बाईंना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं, खरंच लिहून घेतलं, बघू.

बाकी सोय ठीक, चहा वेळेवर, पार्किंग नाही, टू-व्हीलर घेऊन जा. कागद घरी नेऊ देतात ही मोठी गोष्ट, बी-४४ ची झेरॉक्स आता माझ्या ऑफिसात टेबलाच्या काचेखाली आहे. पुढची बॅच सियाचिनवर आहे म्हणे, एनजे ९८४२ (नकाशावर आखलेली रेषा जिथे संपते तो बिंदू) च्या पुढे "तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत" एवढंच लिहून ठेवलेला तो कागद मला बघायचाच आहे, त्यामुळे मी जाणार. फक्त पैसे भरायच्या आधी फोन करून विचारणार की टेनिसबॉल किती वेळ आहे.