इनॅमल झिजलंय, मग कुठली पेस्ट घेऊ?

आधी एक गोष्ट क्लिअर करते, झिजून गेलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, कुठलीच पेस्ट परत आणत नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात. पाकिटावर 'रिपेअर' लिहितात त्याचा अर्थ एवढाच की ॲसिडने मऊ पडलेला पण अजून जागेवर असलेला थर लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटने परत कडक होतो आणि पेस्ट त्याला हातभार लावते. आतलं पिवळं डेंटिन दिसायला लागलं असेल तर मात्र उरलंय तेवढं वाचवायचं, बस.

आता साधी सोडियम फ्लोराईडवाली पेस्ट आणि स्टॅनस फ्लोराईडवाली, खरी निवड या दोघींतच आहे. इनॅमल साधारण 5.5 पीएचच्या (आकडा जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) खाली विरघळायला लागतं, फ्लोराईड त्यात बसलं की ती हद्द 4.5 च्या आसपास जाते, म्हणून कीड थांबवायला साधी फ्लोराईड पेस्ट मस्त काम करते. पण लिंबू, कोला यांचा पीएच 2 ते 3, तिथे हे कवच कमी पडतं. स्टॅनस म्हणजे कथिलाचं फ्लोराईड, ते दातावर ॲसिडला दाद न देणारा पातळ थर धरतं, त्यामुळे आंबट खाण्यापिण्याने किंवा ॲसिडिटीने झीज होत असेल तर मी हीच घ्या म्हणेन. चव थोडी धातूसारखी लागते आणि काहींच्या दातांवर डाग येतात, पण ते डाग वरवरचे असतात, डेंटिस्टकडे निघतात. दोन्हीत फ्लोराईड 1000 ते 1500 पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आहे ना ते बघा, 5000 वाली डेंटिस्टने सांगितल्याशिवाय नको.

नॅनो हायड्रॉक्सीॲपेटाईट म्हणजे इनॅमल ज्या खनिजाचं बनलंय तेच, बारीक कणांत. जपानमध्ये 1980 पासून वापरात आहे, सेन्सिटिव्हिटीला छान, फ्लोराईड नकोच असेल त्यांच्यासाठी चांगला पर्याय. पण किडीचा इतिहास असेल तर मी फ्लोराईड सोडणार नाही, त्यामागे कितीतरी जास्त वर्षांचा अभ्यास आहे. दुधातल्या केसिनपासून केलेली क्रीमही मिळते, ब्रशनंतर लावायची, दुधाची ॲलर्जी असेल तर अजिबात नको. आणि पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट फक्त नस शांत करते, ठणका थांबला म्हणजे झीज थांबली असं समजू नका प्लीज.

चारकोल आणि व्हाईटनिंगवाल्या पेस्ट तर बाजूलाच ठेवा. मऊ पडलेला थर खरखरीत पेस्टने घासला की तो परत कडक व्हायच्या आधीच निघून जातो, म्हणूनच आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश नाही करायचा, नुसत्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-एक तास थांबा. ब्रश झाल्यावर मात्र उलटं, फेस थुंका पण चूळ भरू नका, नाहीतर एवढं बघून घेतलेलं फ्लोराईड बेसिनमध्ये जातं.

अजून एक, आरशात वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघा, तिथेच जास्त झीज असेल तर बहुतेक पोटातलं ॲसिड वर येतंय, मग पेस्ट बदलत बसण्यापेक्षा आधी त्यासाठी डॉक्टरकडे जा.