क्लोराइड मोजायचे, पण कोणत्या पद्धतीने? : मोर, फाजान्स आणि व्होलहार्ड

नागपुरात पाणी-तपासणीची लहान प्रयोगशाळा काढणाऱ्याकडे विहिरी-बोअरवेलचे पाणी येणार आणि बुटीबोरी-हिंगण्याच्या औद्योगिक भागातले सांडपाणीही. तिन्ही पद्धतींत सिल्व्हर नायट्रेटच क्लोराइडचा पांढरा अवक्षेप (न विरघळणारा साका) पाडते. फरक आहे तो क्लोराइड संपल्याचे ओळखण्यात.

पिण्याच्या पाण्यासाठी मी निःसंकोचपणे मोर पद्धत सुचवेन. पोटॅशियम क्रोमेटने पिवळ्या झालेल्या नमुन्यात ब्युरेटमधून (मोजून थेंब सोडणाऱ्या काचेच्या नळीतून) सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडतो तिथे सिल्व्हर क्रोमेटचा तांबूस ठिपका उमटून हलवताच विरतो. तो न विरता फिकट विटकरी छटा टिकली की थांबायचे. मात्र पीएच ७ ते १० दरम्यानच हवा, कारण आम्लात क्रोमेटचे डायक्रोमेट होऊन रंग उशिरा येतो आणि अल्कता फार वाढल्यास सिल्व्हर ऑक्साइड खाली बसते. तापमान वाढले की सिल्व्हर क्रोमेट अधिक विरघळते, म्हणून मे महिन्यात उन्हातून आलेली बाटली आधी थंड होऊ द्यावी. ५० मिलि नमुना आणि ०.०१४१ नॉर्मल (तीव्रतेचे एकक) सिल्व्हर नायट्रेट घेतल्यास १ मिलि म्हणजे लिटरला १० मिग्रॅ क्लोराइड. त्यामुळे कोऱ्या चाचणीचे (क्लोराइड नसलेल्या पाण्याला लागणारे) ०.२ मिलि वजा करायचे राहिले, तर भारतीय मानकाच्या २५० मिग्रॅ या स्वीकार्य मर्यादेजवळ चूक एक टक्क्याहूनही कमी असते, पण २० मिग्रॅच्या पाण्यात ती दहा टक्के होते. क्रोमेट विषारी असल्याने वापरलेले द्रावण बेसिनमध्ये न ओतता वेगळे साठवावे लागते.

हे टाळायचे असेल तर फाजान्स आहे. डायक्लोरोफ्लुओरेसिन या रंगसूचकामुळे शेवटी अवक्षेपच गुलाबी होतो, पण थेट उजेडात सिल्व्हर क्लोराइड काळवंडते आणि फार विरल नमुन्यात बदल स्पष्ट दिसत नाही.

नमुना आम्लधर्मी असेल किंवा त्यात फॉस्फेट असेल, तर व्होलहार्ड घ्यावी. नायट्रिक आम्लात जास्तीचे सिल्व्हर नायट्रेट घालून उरलेले थायोसायनेटने मोजतात. फेरिक अ‍ॅलम या सूचकामुळे शेवटी लाल रंग येतो. सिल्व्हर थायोसायनेटपेक्षा सिल्व्हर क्लोराइड जास्त विद्राव्य असल्याने अवक्षेप आधी गाळावा, नाहीतर थायोसायनेट त्यावरच खर्च होऊन क्लोराइड प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. नायट्रोबेंझिनचा थर देऊनही हे टळते, पण ते विषारी असल्याने मला गाळणेच बरे वाटते. दोन प्रमाणित द्रावणे आणि हा वाढीव वेळ पाहता, फॉस्फेट नसलेला किरकोळ आम्लधर्मी नमुना पीएच सुधारून मोर पद्धतीनेच करावा.