कौलं, पत्रा की स्लॅब? एकाच घरावरच्या तीन छपरांचा हिशेब

आमच्या साताऱ्यातल्या घरावर तीन छपरं आहेत. पुढच्या सोप्यावर आणि माजघरावर मंगळुरी कौलं, मागच्या स्वयंपाकघरावर वडिलांनी १९८६ साली टाकलेला स्लॅब आणि परसातल्या पडवीवर मी टाकलेला पत्रा. असं कुणी ठरवून करत नाही. ज्या वर्षी हातात जेवढे पैसे आले, तेवढं काम झालं. पण त्यामुळे तिन्ही छपरांखाली बादल्या घेऊन फिरण्याचा अनुभव मात्र पदरात पडला.

गेल्या महिन्यात पुण्याहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, आमच्या वाटणीचं घर गळतंय. मिस्त्री म्हणतोय कौलं उतरवून स्लॅब टाकू, कटकट कायमची मिटेल. टाकू का?"

मी विचारलं, "भिंत कशाची आहे?"

"चांगली दोन फूट जाड आहे की. तिला काय होतंय?"

बरेच जण इथेच फसतात. पेठांमधल्या जुन्या घरांच्या भिंती जाड असतात त्या मातीत रचल्या म्हणून. जोत्याला घडीव दगड, वर अनगड दगड नाहीतर मातीचे भेंडे आणि सांध्यात चिखल. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे कपच्या आणि माती. बऱ्याच वाड्यांत वरचं ओझं तुळया आणि लाकडी खांब पेलतात, खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या घडीव दगडावर, उभे असतात आणि भिंतीचं काम मुख्यतः आडोशाचं असतं. जाडी बघून तिच्या ताकदीचा अंदाज बांधू नये.

ओळखायचं कसं? चार इंची खिळा घ्या. माजघराच्या कोपऱ्यात, कपाटामागे, तळहाताएवढा गिलावा खरवडा आणि दोन दगडांमधल्या सांध्यात खिळा दाबा. हातोडी नको, अंगठ्यानेच. खिळा आत गेला आणि तपकिरी भुगा पडला तर माती. अडला आणि पांढरी पूड आली तर चुना. दर्शनी भिंतीवर हे करून उपयोग नाही, तिथे कुणीतरी मागे कधीतरी सिमेंट थापलेलं असतंच.

आता वजनं बघा, कारण माझ्या मते सगळा निर्णय इथेच होतो. शंभर चौरस फुटांवर, म्हणजे एका ब्रासवर, मंगळुरी कौलं साधारण चारशे किलो भरतात, वासे-रिपा वेगळ्या. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा तेवढ्याच जागेवर पन्नासेक किलो. आणि पाच इंची स्लॅब? तीन टनांच्या आसपास. दहा बाय पंधराची खोली घेतली तर जवळपास साडेचार टन. त्यावर गच्ची मिळाली म्हणून हजार लिटरची टाकी चढवली की भरल्यावर आणखी एक टन. हे सगळं चिखलात रचलेल्या भिंतीवर.

आपल्या जिल्ह्यात हा धोका नुसता कागदावरचा नाही. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट आठवणारी माणसं अजून आहेत. माझी आजी तेव्हापासून झोपताना दाराची कडी घालत नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीत माणसं दगावली ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंती आणि त्यांच्यावरचं मातीचं जड माळवद कोसळून. जड छत आणि मातीत रचलेली भिंत ही जोडीच वाईट.

म्हणून भिंत मातीची निघाली, तर स्लॅबचा विषय तिथेच थांबवा. मिस्त्री म्हणेल, "भिंतीवरनं बीम फिरवतो की, काय होत नाय." फिरवू देऊ नका. स्लॅब हवाच असेल तर पायापासून कॉलम उभे करावे लागतील, म्हणजे घर पाडून नवं बांधण्यासारखंच झालं. ते जरूर करा, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका आणि पैसेही दुरुस्तीचे धरू नका.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंती वडिलांनी आधी नव्या विटांच्या आणि सिमेंटच्या घेतल्या होत्या, म्हणून स्लॅब उभा राहिला. त्याचं सुख पंधराएक वर्षं मिळालं. वर पापड-कुरडया वाळत घालायला जागा झाली, चोराची भीती गेली, वानरांचा त्रास संपला. मग छताला चहाच्या डागासारखे डाग दिसायला लागले. आधी पोपडे, नंतर बारीक भेगा. आणि एके दिवशी सकाळी आई कणीक मळायला बसणार तोच बशीएवढा तुकडा परातीत पडला. उलटा करून बघितला तर त्याच्या पाठीवर सळईची नक्षी उमटली होती, गंजाच्या रंगात. कारण साधं आहे. सळईखाली काँक्रीट पुरेसं नव्हतं, पाणी आत गेलं, लोखंड गंजलं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून देतो. मग आम्ही वर विटांचा कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, केला, पुढे केमिकल मारून घेतलं आणि शेवटी कंटाळून स्लॅबवर पत्र्याची शेड ठोकली. अजिंक्यतारा किल्ल्यावर चढून एकदा खाली शहराकडे बघा. किती गच्च्यांवर निळे-लाल पत्रे आहेत ते दिसेल. "कायमची कटकट मिटेल" म्हणून स्लॅब टाकलेलीच ही घरं.

कौलांची कटकट मात्र दरवर्षीची, आणि ती उघड आहे. मे महिन्यात, शक्यतो पहिल्या वळवाच्या नंतर आणि मृगाच्या आधी, कौलं चाळून घ्यायची. वळीव एकदा पडून गेला की गळकी जागा खालून खडूने खूण करून ठेवता येते, नुसत्या अंदाजाने चाळणी होत नाही. आमच्या चार ब्रासला दोन माणसं दोन दिवस घेतात. कौलं ओळीने उतरवतात, मधला पाला, उंदरांची घरं, चिमणीच्या काड्या झाडतात, फुटकी बाजूला काढतात. प्रत्येक कौलावर बोटाच्या गाठीने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर परत वर, बद्द वाजलं तर त्यात चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

खरी अडचण नवं कौल बसवताना येते. वेगवेगळ्या कारखान्यांचे साचे सारखे नसतात. पाऊण इंचाचा फरक असला तरी खाच बसत नाही आणि नेमकं तिथूनच पाणी आत येतं. म्हणून कौल उलटं करून त्यावरचा छाप वाचायचा आणि त्याच छापाची जुनी कौलं शोधायची. पेठेत कुठे वाडा पाडायला काढला की मी तिथे आधी कौलांपाशी जातो. घरमालकाशी गप्पा नंतर. शंभरएक कौलं परसात रचून ठेवणं हा आमच्या घरचा विमा आहे.

चाळणी चालू असतानाच लाकूड तपासा, कारण वर्षातून तेवढ्याच दिवशी ते उघडं पडतं. वासा मधे सहसा कुजत नाही. तो जिथे भिंतीत शिरतो तिथे आणि वळचणीच्या टोकाला कुजतो. स्क्रू ड्रायव्हर टोचायचा. लोण्यासारखा गेला तर तेवढा वासा बदलायचा. सागवान असेल तर टोक कापून नवा तुकडा जोडणारा सुतार अजून मिळतो, शोधावा लागतो एवढंच. बरेच जण "अख्खं छप्परच गेलंय" म्हणून घाबरतात आणि प्रत्यक्षात चाळीस वाशांतले सहा खराब निघतात.

कौलांचा आणखी एक उपकार लोकांच्या लक्षात येत नाही. त्यांची वळचण भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट येते आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. मातीच्या भिंतीला याहून मोठं संरक्षण नाही. स्लॅब टाकणारे कडा भिंतीच्या बरोबर कापतात आणि मग भिंत भिजते म्हणून सिमेंटचा गिलावा करतात. तो आणखी वाईट. खालून चढलेली ओल मातीतून, चुन्यातून सहज उडून जाते, सिमेंटमागे ती कोंडते. आमच्या माजघराला एकाने मला न विचारता कमरेपर्यंत सिमेंट मारून दिलं होतं. चार पावसाळ्यांत लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा पांढरा खार, कमरेच्या वर चढला आणि गिलावा मागची माती घेऊनच सुटला. आता तिथे चुना आहे. दर दोन-तीन वर्षांनी हात फिरवावा लागतो, पण भिंत कोरडी आहे.

वानरांवर माझ्याकडे उत्तर नाही. किल्ल्याच्या माचीकडून टोळी येते, कौलांवरून धावते आणि पाच-दहा कौलं जातात. ज्यांच्याकडे रोजचाच त्रास आहे त्यांनी कौलांचा हट्ट धरू नये, असं आता मलाही वाटतं.

पत्रा. स्वस्त नाही, पण तिन्हींत लवकर होणारं काम. पडवी आमची दोन दिवसांत झाली. मातीच्या भिंतीला त्याचं ओझं नाही. उलट तो इतका हलका की वळवाच्या वाऱ्यात उचलला जाण्याची भीती, त्यामुळे तो नुसता भिंतीवर न टेकवता लाकडी किंवा लोखंडी सांगाड्याला पक्का आवळायला हवा. माझ्या पडवीचं काम ज्याने केलं त्याने नालीदार पत्र्याचे स्क्रू खोलगटात मारले. पाणी वाहतं तिथेच. पहिल्या आषाढात प्रत्येक स्क्रूखाली एक थेंब, अगदी ओळीत. स्क्रू उंचवट्यावर हवा आणि खाली रबरी वॉशर. उन्हाने तो वॉशर काही वर्षांत तडकतो, तेव्हा पत्र्यालाही चाळणीसारखी तपासणी लागतेच, फक्त ती कुणी करत नाही.

दुपारी पत्र्याखाली बसवत नाही आणि जोराच्या सरीत फोनवरचं ऐकू येत नाही. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. पत्र्याखाली छताला काहीतरी लावल्याशिवाय एप्रिल निघत नाही. स्लॅब दुपारी बरा वाटतो आणि दिवसभर साठवलेलं ऊन रात्री दहाला परत देतो.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू किंवा कापू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आणि त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. ओले करून, अख्खे उतरवून घ्या.

मधला एक मार्ग हल्ली बरेच जण काढतात. रिपांवर पत्रा आणि त्यावर पुन्हा कौलं. दिसायला जुनं घर, पाण्याला पत्रा, उन्हाला कौल. खर्च दोन्हींचा होतो आणि गळती दिसत नसल्याने लाकडाकडे लक्ष जात नाही. तरी घरात म्हातारी माणसं असतील आणि बादल्यांची धावपळ नको असेल, तर मी याच्या बाजूने आहे.

सांगलीकरांनी हे जसंच्या तसं घेऊ नये. माझी मावशी तिथे गावभागात असते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा तिच्या शेजारच्या घराचं छप्पर ठणठणीत होतं आणि भिंत खालून विरघळली. नदीकाठी आधी पुराच्या रेषेपर्यंतची भिंत बघायची, छप्पर नंतर.

कागदांचंही बघा. कौलं चाळायला कुणाला विचारावं लागत नाही. स्लॅब म्हटलं की नकाशा, इंजिनिअरची सही, नगरपालिकेची परवानगी, आणि त्यासाठी मिळकतीच्या उताऱ्यावर जेवढी नावं आहेत तेवढ्या सह्या. आमच्या उताऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातली तीन आता हयात नाहीत आणि दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

तर माझा कौल असा. भिंत मातीची आणि घरात कुणी ना कुणी राहतंय, तर कौलंच ठेवा. भिंत मातीची, घर वर्षातले दहा महिने कुलपात आणि मे महिन्यात यायला कुणाला सवड नाही, तर पत्रा टाका. कारण न चाळलेलं कौलारू घर तीन पावसाळ्यांत लाकूड खातं. स्लॅब फक्त पक्क्या विटांच्या आणि सिमेंटच्या भिंतीवर, तेही इंजिनिअरने पाया उकरून बघितल्यावर.

चुलतभाऊ गेल्या रविवारी खिळा घेऊन आला. कपाट सरकवलं, गिलावा खरवडला, अंगठा लावला. खिळा चार बोटं आत गेला आणि तपकिरी भुगा त्याच्या बुटावर पडला. स्लॅबवाल्या मिस्त्रीला त्याने तिथूनच फोन केला. मग आम्ही शिडी लावून वर गेलो. त्रेपन्न कौलं बाद, वासे पाच. दर मेमध्ये मी चाळून घ्यायचं आणि त्याने पैसे पाठवायचे, असं ठरलं. कौलाच्या पाठीवरचा छाप मात्र झिजलाय, नुसतं हत्तीचं चित्र तेवढं दिसतंय. कुणाच्या परसात हत्ती छापाची कौलं पडून असतील तर कळवा, येऊन घेऊन जातो.