परसातील शेडमधली सायकल: दाराचे कुलूप की जमिनीतील कडी?

कोल्हापुरात कळंबा, फुलेवाडी भागांतील अनेक घरांच्या परसात पत्र्याची शेड असते आणि सायकल रात्री तिथेच उभी राहते. तिच्यासाठी दाराला भक्कम कुलूप घालावे, की जमिनीत लोखंडी कडी पुरून तिला सायकल साखळीने जखडावी?

कुलूप स्वस्त आहे आणि रोजच्या वापराला सोपेही. परंतु ते कितीही जाड असले, तरी कोयंडा साध्या स्क्रूंवर असेल तर स्क्रूड्रायव्हरने तो चटकन निघतो. म्हणून आरपार बोल्ट घालून नट आतून आवळावेत. बिजागऱ्यांचेही तेच. एवढे करूनही छपराचे पत्रे धरणारे जे-हूक बाहेरून पान्याने सुटतात, ही उणीव कुलपाने भरून निघत नाही.

कडीला खर्च आणि खटपट अधिक, तरीही माझा कौल तिलाच आहे, कारण चोर आत शिरला तरी सायकल हलत नाही. शिवाजी उद्यमनगरात 16 मिलिमीटर सळईची, पाय बाहेर वाकवलेली कडी करून घ्यावी, ती फूटभर खोल काँक्रीटमध्ये बसवावी आणि किमान 7 दिवस पाणी मारावे. कठीण पोलादाची साखळी नुसत्या चाकातून न ओवता फ्रेमच्या त्रिकोणातून आणि मागच्या चाकातून घ्यावी. ती जमिनीवर लोळू देऊ नये. जमिनीचा आधार मिळाला की बोल्ट कटरवर सगळा भार टाकता येतो. जुलै-ऑगस्टच्या पावसात कुलूप गंजते, त्यामुळे मिरगाआधी त्यात तेल सोडावे.