डुकरांच्या रेडीमेड खाद्याच्या गोण्या: साडेचार महिने, १० डुकरं, आणि माझा हिशोब

सावंतवाडी तालुक्यात, गोव्याच्या हद्दीला लागून आमचं गाव. तीन वर्षं झाली घरामागे शेड घालून मी डुकरं पाळतेय, वर्षाला दहा-बारा, सगळी मांसासाठी, जास्त करून यॉर्कशायर क्रॉस, म्हणजे यॉर्कशायर या विलायती जातीचा संकर. गिऱ्हाईक बहुतेक गोव्याकडचं, नाताळच्या आधी फोन सुरू होतात. या तीन वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे ताई खायला काय घालता, आणि खरं सांगायचं तर खर्चातला सगळ्यात मोठा हिस्सा त्यातच जातो, पिल्लू किती रुपयाला घेतलं हे त्याच्यापुढे काहीच नाही. म्हणून यावेळी ठरवलं की अंदाजाने बोलायचं नाही, वहीत लिहून काढायचं. कंपनीचं नाव इथे टाकत नाहीये कारण आमच्या बाजारात ज्या दोन-तीन कंपन्यांच्या गोण्या मिळतात त्यांचा फॉर्म्युला जवळपास सारखाच आहे, तुमच्याकडे वेगळं नाव असेल.

गोणी ५० किलोची, मला १८५० ला पडली, म्हणजे किलोला ३७ रुपये. तीन प्रकार येतात, लहान पिल्लांचं स्टार्टर, मग ग्रोअर, आणि शेवटचं फिनिशर. लेबलवर प्रोटीन स्टार्टरला २०, ग्रोअरला १७ आणि फिनिशरला १५ टक्के लिहिलंय. पिल्लू लहान असताना मांस चढवत असतं म्हणून प्रोटीन जास्त लागतं, मोठं झालं की तेवढं लागत नाही, तेव्हा जास्त दिलं तर पैसे शेणात जातात. हे डॉक्टरांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलेलं पण तेव्हा मी ऐकलं नव्हतं, सगळ्यांना एकच खाणं घालत होते.

जुलैच्या शेवटी १० पिल्लं आणली, दोन महिन्यांची, १२-१३ किलोची. पहिले सहा आठवडे दहाही पिल्लांना गोणीतलंच. आणि इथे माझं मत एकदम पक्कं आहे, या वयात रेडीमेड खाद्यच घ्या, कंजुषी करू नका. आईपासून तुटलेलं पिल्लू असतं, पोट नाजूक, आधीच्या वर्षी घरचा भरडा घातला तर आठवडाभर हगवण लागून तीन पिल्लं अशी सुकली की शेवटपर्यंत मागेच राहिली. यावेळी स्टार्टरवर एकालाच दोन दिवस पातळ झालं, बस. सहा आठवड्यांत सरासरी २७ किलो. पहिले आठ दिवस मात्र मी पेलेट, म्हणजे खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून देत होते कारण पेलेट खूप कडक आहेत, लहान पिल्लं चावून चावून अर्धं खाली सांडतात, हा एक मायनस पॉईंट लिहून ठेवा.

मग खरी परीक्षा. पाच डुकरं गोणीवरच ठेवली आणि पाच माझ्या मिक्सवर, मध्ये भिंत, १०० दिवस. माझं मिक्स म्हणजे १०० किलोला मका भरडलेला ५५, सोयापेंड २०, कोंडा २२, मिनरल मिक्श्चर अडीच किलो आणि मीठ अर्धा किलो. शेवटच्या ४० दिवसांत मका ६० आणि सोयापेंड १३ वर आणली, कोंडा २४ केला. मक्यात प्रोटीन ९ टक्केच असतं आणि त्यातही लायसिन हा प्रोटीनमधला घटक फार कमी, डुकराला नेमकं तेच लागतं, म्हणून सोयापेंडेला पर्याय नाही. नुसता मका आणि कोंडा घालणारे लोक म्हणतात आमचं डुक्कर वाढत नाही, नुसती चरबी धरतं, त्याचं कारण हेच. घरचं सोयाबीन असेल तर कच्चं घालू नका, भाजून किंवा उकडूनच घाला, कच्च्यात प्रोटीन पचू न देणारा घटक असतो.

वजन कसं केलं ते पण सांगते कारण आमच्याकडे काटा नाही. टेपने पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजायचा, मग दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३, किलोत वजन येतं. घेर १ मीटर लांबी १ मीटर म्हणजे ६९ किलो. डुक्कर खात असताना मोजायचं, तेव्हा उभं राहतं. विकताना काट्यावर दोन-तीन किलोचाच फरक आला.

तर १०० दिवसांनी, गोणीवरची पाच सरासरी ५८ किलो वाढली, ८५ वर गेली. मिक्सवरची ५३ किलो वाढली, ८० वर. खाणं दोघांचं जवळपास सारखंच, गोणीवाल्यांनी डोक्यामागे १९० किलो आणि मिक्सवाल्यांनी १८८. गोणीचा खर्च एका डुकराला ७०३०. माझं मिक्स दळणावळ धरून सरासरी साडेएकतीस रुपये किलो पडलं, म्हणजे ५९२२. अकराशे रुपये वाचले म्हणून मी खूश झाले, आणि मग लक्षात आलं की पाच किलो वजन कमी भरलंय आणि मला जिवंत वजनाला १६० चा रेट मिळाला, म्हणजे ८०० तिथेच गेले. खरी बचत डोक्यामागे ३०० रुपये. पाच डुकरांचे पंधराशे, आणि त्यासाठी १०० दिवसांत किती वेळा मका आणायला गेले, गिरणीत रांग लावली, मिसळताना नाकातोंडात धूळ गेली, ते मी वहीत लिहिलेलंच नाही. हे बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण घरचं म्हणजे स्वस्त असं मी सगळ्यांना सांगत आलेले.

म्हणजे गोणीच घ्यावी का? नाही, तसं पण नाही. हिशोब उलटतो तो तुमच्या आसपास काय मिळतं त्यावर. आमच्या गावातली भातगिरणी, तिथून कोंडा मला आता १५ रुपयाला मिळतो, बाजारात २२ चा होता, आणि तांदळाची कणी २० ला. मक्यातला २० किलो काढून तिथे कणी घातली तर मिक्स तिसाच्या आत येतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, गिरणीतला ताजा कोंडा तेलकट असतो, गरमीत आठ-दहा दिवसांत खवट वास मारतो, तेव्हा साठवू नका, दर आठवड्याला थोडा थोडा आणा. आणि प्रमाण वाढवू नका, जास्त कोंड्याने चरबी मऊ पडते, चोरीससाठी, म्हणजे गोव्याच्या सॉसेजसाठी, घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ती लगेच कळते.

काजूच्या सीझनला बोंडू, म्हणजे काजूची फळं असतात. आमच्याकडे रस काढून झाल्यावर चोथ्याचे ढीग पडतात, फुकट. ओला चोथा रात्रीत आंबतो म्हणून पत्र्यावर पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायचा, मग भरड्यात थोडा मिसळायचा. डुकरं आवडीने खातात. पण ते पोट भरायला, प्रोटीन त्यात फारसं नाही, त्याच्या भरवशावर सोयापेंड कमी करू नका. बियरच्या कारखान्यातला ओला चोथापण मी एकदा आणून बघितला, चांगला आहे पण निम्म्याहून जास्त नुसतं पाणी वाहून आणतो आपण, आणि तिसऱ्या दिवशी बुरशी. कारखाना जवळ असेल त्यांनी करावं.

आता तक्रार. सप्टेंबरमध्ये आलेल्या गोण्यांपैकी एक आतून ओलसर होती, कोपऱ्यात हिरवट गाठी. मी वरवरच्या काढून बाकीचं घातलं, ही माझी चूक. चार-पाच दिवसांत दोन माद्यांची मागची बाजू सुजून लाल झाली, माजावर आल्यासारखी, आणि वय तर अजून चार महिन्यांचं. डॉक्टर म्हणाले ही बुरशीची बाधा, मक्यावरच्या एका बुरशीचं विष असं दाखवतं, आधी ते खाणं बंद करा. बंद केल्यावर उतरलं. दुकानदाराला गोणी दाखवली तर म्हणाला, "वैनी, पावसात असा होताच, वरचा काढून टाका नि घाला." मला ते अजिबात पटलं नाही. एका डुकरामागे सात हजाराचं खाणं घालणारा माणूस बुरशी का विकत घेईल? कंपनीच्या नंबरवर तीन वेळा फोन केला, फोटो पाठवले, पोचले असा मेसेज आला आणि पुढे काही नाही. गोणी शेवटी दुकानदारानेच बदलून दिली, तेवढं त्याचं मान्य करते. पण त्या गोणीवर उत्पादनाची तारीख पुसट होती आणि मी न बघता घेतली होती. आता दुकानातच शिलाईजवळचं लेबल वाचते, हात खुपसून तळाचं मूठभर काढते, वास घेते. आणि काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर कुस्करून टाकते, तळाला वाळू बसली किंवा वर नुसती फोलपटं तरंगली तर ती गोणी नको. घरी पण जमिनीवर ठेवायची नाही, फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर लांब, आमच्याकडच्या पावसात एवढं करूनसुद्धा महिन्याभराच्या वर माल ठेवू नये.

अजून दोन गोष्टी, लोक पैसे वाचवायला करतात म्हणून. एक म्हणजे म्हशीचं खाणं. माझे सासरे पहिल्या वर्षी म्हशीची सरकी पेंड डुकरांना घालत होते, प्रोटीन तर आहे ना म्हणून. सरकीत गॉसिपॉल असतं, ते डुकराला विषारी. म्हशीला चालतं कारण तिचं पोट वेगळं. तसंच गुरांच्या काही खाद्यांत युरिया असतो, डुकराला त्याचा उपयोग शून्य. अंड्याच्या कोंबडीचं खाद्यपण नको, त्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम भरपूर घातलेलं असतं, त्याने डुकराला झिंक लागू पडत नाही आणि कातडी जाड होऊन खपल्या धरतात. शेजारच्या गावात मी स्वतः बघितलंय, ते लोक खरजेचं औषध मारत बसले होते आणि कारण खाण्यात होतं.

दुसरी गोष्ट हॉटेलचं उरलेलं. यावर मी जरा कडक बोलणार आहे, माफ करा. फुकट मिळतं हे खरं, गोव्याच्या बाजूला तर ड्रम भरून मिळतं, मी पण वर्षभर घातलंय. पण २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये आफ्रिकन स्वाईन फिव्हर आला होता हे कळल्यापासून मी ते न उकळता शेडच्या आसपाससुद्धा येऊ देत नाही. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकराला झाला तर औषध नाही, अख्खी शेड जाते, आणि विषाणू डुकराच्या मांसाच्या तुकड्यातून, सॉसेजच्या सालीतून येऊ शकतो. उकळायचं म्हणजे नुसता एक कढ नाही, ९० डिग्रीला पूर्ण एक तास, ढवळत ढवळत. एवढं लाकूड, एवढा वेळ, वर त्यातून प्लास्टिक, टूथपिक, हाडं निवडायची. आणि त्यात लोणचं, खारं, सुकट असतं, मीठ किती गेलं कळतच नाही, त्या दिवशी पाणी कमी पडलं तर डुक्कर झटके येऊन पडतं. माझ्या हिशोबात ते फुकट नाही. ज्यांना घालायचंच आहे त्यांनी मोठा हंडा घ्या आणि तासभर घड्याळ लावून उकळा.

पाण्यावरून आठवलं, गोणीतलं कोरडं खाणं असेल तर पाणी खाण्याच्या दुप्पट-तिप्पट पितात. निपल, म्हणजे डुकराने तोंड लावलं की पाणी येणारी तोटी, बसवल्यापासून माझं खाणंपण कमी वाया जातं. ८० किलोच्या डुकराला दिवसाला अडीच-तीन किलो, दोन वेळेला विभागून, शेवटचा महिना त्याच्यावर जायचं नाही, नाहीतर चरबीच चढते.

गोव्याची काळी गावठी, अगोंदा गोवन म्हणतात ती, माझ्या मावशीकडे तिकडे दोन आहेत. त्यांना एवढी महागडी गोणी घालू नका असं माझं मत, ती हळूच वाढणार, तिला कोंडा, कणी, बोंडू, पाला यावर थोडी सोयापेंड पुरते. गोणीचे पैसे वसूल होतात ते क्रॉस जातीवर.

तर स्टार्टरला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, कडक पेलेटचा अर्धा कापला. ग्रोअरला साडेतीन, माल चांगला पण तारखेचा भरवसा नाही आणि तक्रार ऐकणारं कोणी नाही. फिनिशर मी परत घेणार नाही, ३० किलोच्या पुढे गिरणीचा कोंडा आणि कणी घालून घरचंच. ज्यांच्याकडे भातगिरणी जवळ नाही, घरात हाताखाली माणूस नाही, त्यांनी मात्र बिनधास्त शेवटपर्यंत गोणी वापरावी, तुमचं नुकसान नाही. पुढची आठ पिल्लं येत्या आठवड्यात येतायत, स्टार्टरच्या तीन गोण्या सांगून ठेवल्यात, तारीख बघून मगच गाडीत टाकणार.