सप्ताहासाठी मिक्सर: नॉबचा की टॅबलेटवरचा?

भजनी मंडळाने वर्गणी काढून मिक्सर, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं की मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत दोन पक्ष पडतात. जाणत्यांना यामाहा एमजी१०एक्सयूसारखा साधा, नॉबवर चालणारा ॲनालॉग हवा असतो, पोरांना टॅबलेटवर चालणारा डिजिटल बेहरिंगर एक्सआर१८.

आधी गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते. निरूपणात महाराज हळू बोलतात आणि ‘पुंडलिक वरदे’ला आवाज एकदम चढतो. म्हणून ‘हॅलो, माइक टेस्टिंग’वर गेन लावू नका, गजर म्हणून दाखवायला सांगा. यामाहावर पीकचा, म्हणजे आवाज फाटायच्या बेतात असल्याचा, दिवा गजराला जेमतेम लुकलुकावा. बेहरिंगरवर नेहमीचा आवाज मीटरच्या उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा; शून्याच्या वर गेला की आवाज थेट फाटतो. आणि त्यावर गेनचा नॉबच नाही, सगळं स्क्रीनवर. ऐन गजरात नॉबवरचा हात स्क्रीनवरच्या बोटापेक्षा लवकर पोचतो, हे मान्य करावंच लागतं.

ईक्यूत, म्हणजे आवाजातला खर्ज, मधले आणि उंच सूर वेगवेगळे कमी-जास्त करण्यात, मात्र पारडं फिरतं. यामाहाचा मिड, म्हणजे मधल्या सुरांचा नॉब, २.५ किलोहर्ट्झवर कायम. पत्र्याच्या सभामंडपात माइक १ किलोहर्ट्झच्या आसपास शिट्टी मारायला लागला, तर मिड कमी करूनही शिट्टी फारशी आवरत नाही, वर शब्द मुके होतात. बेहरिंगरच्या चार बँडच्या पॅरामेट्रिक (जागा आणि रुंदी आपण ठरवायच्या) ईक्यूत नेमकी तीच जागा शोधून बारीक काप देता येतो. लो-कट, म्हणजे ठरावीक जागेखालचा खर्ज कापणारी सोय, तीही यामाहात ८० हर्ट्झला ठरलेली. ओठांना माइक लावून गाणाऱ्याचा घुमणारा खर्ज आणि शेजारच्या पखवाजाची धूम आवरायला लो-कट कधी कधी १२० पर्यंत न्यावा लागतो, आणि ते बेहरिंगरवरच जमतं.

आता लाईट. ती गेली-आली तरी ॲनालॉगवर नॉब जिथल्या तिथे, लगेच आवाज. डिजिटल सुरू व्हायला वेळ घेतो, टॅबलेट पुन्हा जोडावा लागतो. त्याचं अंगचं वायफाय काल्याच्या गर्दीत, शेकडो मोबाइलांत, दगा देऊ शकतं. वेगळ्या राउटरचा खर्च आधीच धरा.

माझ्या मते माइक मोजा आणि ठरवा. यामाहाला माइकच्या जागा चारच: महाराज, दोन गायक, पखवाज, संपलं. हार्मोनियम आणि टाळकऱ्यांनाही माइक हवा असेल तर बेहरिंगरला सोळा जागा आहेत. पण जागा आहेत म्हणून भरू नका. चालू माइक दुप्पट झाले की शिट्टी लागण्याआधी आवाज वाढवायची सवड ३ डेसिबलने घटते. टाळांना तर बहुतेकदा माइक लागतच नाही, त्यांचा आवाज महाराजांच्याच माइकमध्ये येतो.