१६३ तासांना गेलेला क्रॉस: नऊ महिन्यांच्या वापरानंतर साइड-बाय-साइडचा अनुभव

माझी गाडी साइड-बाय-साइड आहे, म्हणजे शेजारी-शेजारी बसून खडबडीत वाटांवर चालवायची छोटी चारचाकी. तिचं इंजिन किती सीसी, ओढते किती, सस्पेन्शन कसं, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मला नऊ महिन्यांत छळलं ते एका ग्रीस निपलने, म्हणजे ग्रीस भरायच्या छोट्या तोंडाने. पुढच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलकडे जाणाऱ्या जॉइंट शाफ्टच्या क्रॉसवर (शाफ्टचे भाग जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) ते बसवलंय आणि त्याच्या बरोबर खाली अखंड स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालचं संरक्षक आवरण) आहे. तिथपर्यंत ग्रीस गन पोचवायची तर चौदा बोल्ट सोडून आख्खी प्लेट उतरवावी लागते. बाकीची सगळी निपलं दहा मिनिटांत होतात.

इंजिन एकूण १५५ तास चालल्याच्या आसपास फोर-व्हील लावून रिव्हर्समधून पुढच्या गिअरला टाकलं की खालून ‘टक’ असा आवाज यायला लागला. आठवडाभरात वेग घेतला की फ्लोअर थरथरायला लागला. माझ्या गाडीत टू-व्हीलवर असतानाही हा शाफ्ट फिरतच असतो, त्यामुळे थरथर सुटेना. १६३ तासांना प्लेट उतरवली तर क्रॉसच्या चार टोकांवरच्या कपांभोवती लाल भुकटी. ही भुकटी दिसली की समजायचं, कपांच्या आतल्या बेअरिंगच्या बारीक सुया कोरड्या पडून गंजल्यात. कप काढला तेव्हा क्रॉसच्या पायावर सुयांचे चर उमटले होते, बोटाला लागत होते.

सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली. कारण काय, तर वेळेवर ग्रीसिंग केलेलं नाही. आता १०० तासांची सर्व्हिस त्यांच्याकडेच झालेली आणि बिलावर ‘संपूर्ण ग्रीसिंग’ लिहिलेलं. मी प्लेट उतरवण्याआधी बोल्टांचे फोटो काढून ठेवले होते. कारखान्यात बोल्ट आवळल्यावर रंगाची जी रेघ मारतात, ती चौदाही बोल्टांवर सलग होती. म्हणजे प्लेट त्या दिवसापर्यंत कुणीच उघडलेली नव्हती. फोटो दाखवल्यावर ते मजुरी सोडायला तयार झाले, पण शाफ्ट पूर्ण नवीनच घ्या म्हणाले. हे मला अजिबात पटलं नाही. शाफ्टची नळी सरळ, योक (क्रॉसला धरणारे कान) चांगले, आणि एका क्रॉससाठी सगळं फेकायचं? मी गाडी परत आणली.

१५० तासांची सर्व्हिस मी स्वतः केली होती आणि प्लेट तेव्हा मीही उघडली नव्हती. ही चूक माझी. त्यामुळे सगळा दोष त्यांच्यावर टाकत नाही.

क्रॉस सुटा मिळतो. कपाचा व्यास आणि एका कपाच्या टोकापासून समोरच्या कपाच्या टोकापर्यंतची लांबी व्हर्नियरने मोजून घेऊन जा. शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही योकांवर खुणा करा. जोडताना योक फिरले तर नवीन क्रॉस टाकूनही थरथर राहते. कप व्हाइसमध्ये दाबून बसवा, हातोडा मारू नका. एखादी सुई आडवी पडली की कप पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिप (कप अडकवून ठेवणारी कडी) खाचेत बसत नाही. माझी एक सुई पडलीच, सगळं परत काढावं लागलं.

ही सगळी तक्रार लिहायला बसलो तेव्हा इंजिनाची ताकद पुढे नेणाऱ्या रबरी बेल्टबद्दलही वाईटच लिहिणार होतो. ४० तासांना भरलेली गाडी हाय रेंजमध्ये (वेगाच्या गिअरमध्ये) चढावर हळूहळू नेताना रबर जळल्याचा वास आला होता, आणि तेव्हापासून बेल्ट लवकर जाणार हे मी गृहीत धरलं होतं. त्यानंतर वजन असेल किंवा रांगत चालायचं असेल तर न चुकता लो रेंज (हळू पण जोराचा गिअर) लावली. १८० तासांना क्लचचं कव्हर उघडून पाहिलं. बेल्टच्या कडा चकाकलेल्या नाहीत, धागे निघालेले नाहीत, रुंदी मर्यादेच्या आत आहे. साठलेली काळी धूळ हवेने उडवली आणि कव्हर लावून टाकलं. बेल्टबद्दलची तक्रार मागे घेतो.

ऑइल पहिल्यांदा २५ तासांना बदललं, त्यात बारीक धातूची चमक होती. ७५ ला नव्हती. पहिली बदली लांबवू नका. हिशोब तासांचाच ठेवा, किलोमीटरचा नको, कारण रांगत काम करणाऱ्या गाडीचं किलोमीटर फार वाढत नाही आणि इंजिन मात्र तेवढंच झिजतं. चिखल, पाणी, धूळ असेल तर मॅन्युअलमधले सर्व्हिसचे तास निम्मे धरा. कागदी एअर फिल्टर हवा मारून परत लावू नये, कागदाला न दिसणारी भोकं पडतात आणि धूळ थेट इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगांपर्यंत जाते. मी बदलतो, आणि बसवताना रबरी कडेला ग्रीसचा हलका हात देतो. रेडिएटर धुताना प्रेशर वॉशर जवळून मारला तर पात्या वाकतात.

परत निपलकडे येतो. प्लेट प्लास्टिकची आहे, म्हणून मी निपलच्या खाली होल-सॉने ३८ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि रबरी बूच बसवलं. गाडी न्यूट्रलला टाकून थोडी पुढे-मागे ढकलली की निपल भोकासमोर येतं. गनला काटकोनी तोंड लागतं. चारही कपांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारायचा. एखाद्या कपातून येत नसेल तर शाफ्ट हाताने हलवत मारायचा. दर २५ तासांनी, आणि गाडी पाण्यात बुडवून आणली तर त्याच संध्याकाळी. काल २०५ तासांना मारलं, बाहेर आलेलं ग्रीस स्वच्छ होतं आणि ‘टक’ पूर्ण गेलाय.

कंपनीने हे भोक कारखान्यातच का ठेवलं नाही, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. गाडी घेणार असाल तर पहिल्या सर्व्हिसला स्वतः उभे राहा आणि स्किड प्लेट तुमच्यासमोर उतरवून घ्या.